तेजीच्या शेजारी राहताना

हिंजवडीला खरं तर साखर कारखाना व्हायचा होता. त्याच्या भूमिपूजनाला गेलो आणि तिथंच सांगून आलो की कारखाना दुसरीकडे करा, इथं आयटी पार्क होईल, हा किस्सा शरद पवारांनी स्वतः जाहीर कार्यक्रमांत सांगितला आहे. कारखाना पुढे कासारसाई-दारुंब्रेला उभा राहिला, संत तुकारामांच्या नावानं. त्यामुळे आज हिंजवडीला लागून असलेल्या मारुंजी गावाच्या एका अंगाला ऊस गाळला जातो, दुसऱ्या अंगाला सॉफ्टवेअर लिहिलं जातं. मधल्या पट्ट्यात भातखाचरांच्या जागी टॉवर आले, पीजी आले, मेस आल्या आणि लक्ष्मी चौकातून आत वळलं की ‘एनए प्लॉट, त्वरित संपर्क साधा’ असे फलक आले.

हिंजवडीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क आकार घेत होतं त्याच सुमारास जगात इंटरनेटची पहिली मोठी तेजी आली आणि बघता बघता कोसळली. पार्क मात्र राहिलं, फोफावलं. मारुंजीत ज्याच्या हातात पगार आहे, भाडं आहे, जमिनीचा चेक आहे किंवा कंपनीनं दिलेलं शेअरचं पत्र आहे, त्यानं या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहायला हव्यात.

त्या तेजीची उजळणी थोडक्यात करू. विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्यानंतर सव्वाचार वर्षांत, नोव्हेंबर १९९९ मध्ये, सत्यम इन्फोवेनं मुंबईच्या राजेश जैन यांचं इंडियावर्ल्ड ४९९ कोटी रुपयांना घेण्याचा सौदा जाहीर केला. वेबसाइट म्हणजे काय हे नीट माहीत नसलेल्या घरांतही तो आकडा पोचला. शेअर बाजारात दलाल केतन पारेखच्या ‘के-टेन’ शेअरांचा बोलबाला होता: पेंटामीडिया ग्राफिक्स, सिल्व्हरलाइन, डीएसक्यू सॉफ्टवेअर, हिमाचल फ्युचरिस्टिक. ११ फेब्रुवारी २००० रोजी सेन्सेक्सनं पहिल्यांदाच ६,००० चा आकडा पाहिला. १० मार्चला अमेरिकेचा नॅसडॅक ५,०४८ वर बंद झाला आणि तिथून जो घसरला तो ऑक्टोबर २००२ मध्ये १,१०० च्या घरात आला. इकडे ३० मार्च २००१ रोजी पारेखला अटक झाली, अहमदाबादची माधवपुरा बँक बुडाली आणि जुलैमध्ये यूटीआयनं आपल्या ‘यूएस-६४’ या योजनेची खरेदी-विक्री थांबवली. ही शेवटची बातमी आपल्याकडच्या घरांना सगळ्यात जास्त झोंबली. ज्यांनी जन्मात एकही शेअर घेतला नव्हता, त्या निवृत्त मास्तरांचे आणि कारकुनांचे पैसे त्यात होते. सरकारी योजना म्हणून डोळे झाकून ठेवलेले.

आता या सगळ्यातून ‘इंटरनेट हे थोतांड होतं’ असा धडा कुणी काढला असेल, तर तो पार चुकीचा होता. इंटरनेट खरंच होतं. घरपोच किराणा देणारी वेबव्हॅन ही अमेरिकन कंपनी जुलै २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. आज मारुंजीच्या कुठल्याही सोसायटीच्या गेटवर पाच मिनिटं उभं राहा, तोच धंदा दुचाकीवरून आत जाताना दिसतो. ॲमेझॉनचा शेअर डिसेंबर १९९९ ते सप्टेंबर २००१ या काळात ९० टक्क्यांहून जास्त पडला आणि तरी कंपनी पुढे काय झाली ते सांगायला नको. मुंबईनं तर हा प्रकार इंटरनेटच्या कितीतरी आधी पाहिला आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, तो पैसा बॅकबेची खाडी बुजवणाऱ्या कंपनीच्या शेअरांत शिरला, शेअर कित्येक पटींनी चढला आणि युद्ध संपताच १८६५ च्या उन्हाळ्यात सगळं आडवं झालं. प्रेमचंद रायचंदसारखा बाजाराचा राजा कर्जबाजारी झाला. पण समुद्र पुढे बुजवला गेलाच. मरीन ड्राइव्ह, नरिमन पॉइंट तिथंच उभे आहेत. कल्पना बरोबर होती, फक्त १८६५ मध्ये शेअर घेतलेल्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

म्हणून ‘हे खरं आहे का’ हा प्रश्न तेजीत फारसा कामाचा नाही. एआय खरं आहे का? आहे. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रो खरी आहे का? आहे. तुम्हाला विचारायचे प्रश्न दोन आहेत. आज जो भाव मी देतोय, तो कुठल्या मिळकतीतून वसूल होणार? आणि ती मिळकत यायला वेळ लागला, तर तोवर मी थांबू शकतो का? पहिला प्रश्न भावाचा, दुसरा मुदतीचा. माझ्या मते दुसऱ्याकडे लोकांचं जास्त दुर्लक्ष होतं, आणि बुडतात ते बहुतेक तिथंच.

भावाचं गणित एकदा पाटीवर मांडून बघा. समजा, एखादा शेअर वार्षिक नफ्याच्या २०० पट भावानं विकला जातोय. २००० साली असे शेअर दुर्मीळ नव्हते. कंपनी उत्तम आहे, नफा दरवर्षी २५ टक्क्यांनी वाढतो आणि सलग दहा वर्षं वाढतो. फार थोड्या कंपन्यांना हे जमतं. दहा वर्षांत नफा नऊपटीहून थोडा जास्त होईल. शेअरचा भाव तोच राहिला तर आता तो नफ्याच्या २१-२२ पट दिसेल, म्हणजे बाजाराच्या दृष्टीनं अगदी रास्त. कंपनीनं कुठंही चूक केली नाही, तुमच्या पदरात मात्र दहा वर्षांनी मुद्दलच. सिस्कोचं साधारण असंच झालं. इंटरनेटचं सगळं यंत्रकाम करणारी ती कंपनी धडधाकट चालत राहिली. मार्च २००० चा भाव परत दिसायला दोन दशकंही पुरली नाहीत. नॅसडॅकलाच आपली जुनी उंची गाठायला २०१५ साल उजाडलं.

हेच गणित फ्लॅटला लावा. समजा, मारुंजीत ८० लाखांचा फ्लॅट आहे आणि त्याला महिना २५ हजार भाडं येतं. वर्षाचे ३ लाख, म्हणजे पावणेचार टक्के. त्यातून मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि भाडेकरू बदलतानाचा रिकामा महिना वजा करा. हा फ्लॅट घेण्यासाठी ६४ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं, तर हप्ता साडेपंचावन्न हजारांच्या आसपास बसतो. स्वतः राहायला घर हवं असेल तर हा हिशेब वेगळा. घराचं सुख भाड्यात मोजता येत नाही. पण ‘इन्व्हेस्टमेंट’ म्हणून दुसरा फ्लॅट घेत असाल, तर दर महिन्याला खिशातून तीस हजार घालून तुम्ही केवळ भाव चढण्यावर पैज लावताय, हे स्वतःशी तरी मान्य करा. भाव चढेलही. प्रश्न एवढाच की तो चढेपर्यंत तीस हजार भरत राहणं जमेल का.

आणि इथं मारुंजीची खास अडचण सुरू होते. पगार हिंजवडीतून येतो. फ्लॅटची किंमत हिंजवडीच्या नोकऱ्यांवर ठरते. फ्लॅटमधला भाडेकरू हिंजवडीत कामाला. बायकोची किंवा नवऱ्याची नोकरी तिथंच. कंपनीनं दिलेले शेअर त्याच क्षेत्रातले आणि हौसेनं घेतलेला म्युच्युअल फंड ‘टेक्नॉलॉजी’चा. गावातल्या मूळ घरांचंही तेच: खोल्या आयटीवाल्यांना भाड्यानं, टँकर आयटीवाल्यांच्या सोसायटीला, जेसीबी आयटीवाल्यांच्या टॉवरच्या पायाला. चार मिळकती दिसतात, पण घर उभं आहे एकाच खांबावर. तेजीत हे जाणवत नाही, कारण सगळं मिळूनच वर जातं. उतरताना नोकरी, शेअर, भाडं आणि घराची किंमत हीसुद्धा मिळूनच उतरतात.

२०२० चं टाळेबंदीचं वर्ष आठवा. हिंजवडीतल्या कंपन्या बुडाल्या नाहीत. जगाला संगणकाची गरज वाढली आणि पुढच्या वर्षी त्यांनी जोरात भरतीही केली. पण मुलं लॅपटॉप घेऊन अकोल्याला, लातूरला, कोल्हापूरला आपापल्या घरी बसून काम करू लागली आणि मारुंजीतल्या पीजीच्या खाटा रिकाम्या झाल्या. मेसचे डबे बंद. ज्यानं कर्ज काढून तीन मजले चढवले होते, त्याला ‘आयटी क्षेत्र भरभराटीत आहे’ ही बातमी वाचून काय समाधान मिळणार होतं? क्षेत्राचं भलं होणं आणि त्या क्षेत्राच्या जिवावर जगणाऱ्या तुमचं भलं होणं, या दोन गोष्टींमध्ये बरंच अंतर असतं. टीसीएसनं जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार नोकऱ्या कमी करण्याचं जाहीर केलं, तेव्हाही कंपनी नफ्यातच होती.

तेव्हा पहिलं काम: घरातल्या सगळ्या मिळकती कागदावर लिहा आणि प्रत्येकीपुढे ती शेवटी कुणाच्या खिशातून येते ते लिहा. सगळे बाण हिंजवडीकडेच जात असतील, तर पुढचा रुपया तरी दुसरीकडे जाऊ द्या. दुसरं काम: दोघांपैकी एकाचाच पगार चालू आहे असं धरून हप्ते बसतात का बघा. आयटीत बेंचवर बसण्याची सवय असलेल्यांना वाटतं, दोन महिन्यांत प्रोजेक्ट मिळेलच. २००१ साली अमेरिकेहून व्हिसा संपवून परतलेल्यांनाही तसंच वाटत होतं. वर्षभराचा घरखर्च आणि हप्ते निघतील एवढी रक्कम सहज मोडता येईल अशा ठिकाणी असावी. सहा महिने म्हणण्याची पद्धत आहे, पण ज्यांचे सगळे बाण एकीकडे आहेत त्यांना सहा पुरत नाहीत.

नोकरी डॉट कॉमचं उदाहरण इथं बोलकं आहे. ती चालवणाऱ्या संजीव बिखचंदानींच्या कंपनीला एप्रिल २००० मध्ये, म्हणजे नॅसडॅक गडगडायला लागल्यावर, आयसीआयसीआयकडून सव्वासात कोटींच्या वर भांडवल मिळालं. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ते जाहिरातींत उडवता आलं असतं. त्यांनी मोठा भाग बँकेत मुदत ठेवीत टाकला आणि हात आखडून धंदा केला. त्याच सुमाराला अमेरिकेत पेट्स डॉट कॉम फेब्रुवारीत बाजारात आली आणि नोव्हेंबरात बंद पडली. बिखचंदानींच्या कंपनीचा शेअर २००६ साली बाजारात आला. मुदत ठेव हा शब्द ऐकून स्टार्टअपवाले हसतात, हसोत बापडे.

स्टार्टअपचा विषय निघालाच आहे तर ‘ईसॉप’बद्दल, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या भावानं घेण्याच्या हक्काबद्दल, बोलायला हवं, कारण मारुंजीतल्या कित्येक तरुणांच्या पगारपत्रात हा आकडा असतो आणि तो पगारात धरूनच घराचं बजेट ठरतं. तो पगार नाही. समजा, तुम्हाला १,००० शेअर प्रत्येकी १०० रुपयांना घेण्याचा हक्क मिळाला आणि तुम्ही तो वापरलात त्या दिवशी कंपनीचं मूल्यांकन शेअरला ९०० रुपये आहे. फरकाचे ८ लाख तुमच्या पगारात धरले जातात आणि तीस टक्क्यांच्या गटात असाल तर २ लाख ४० हजार आणि वर उपकर, एवढा कर लागतो. शेअर बाजारात नोंदलेला नसेल तर विकता मात्र येत नाही. काही मान्यताप्राप्त स्टार्टअपना हा कर पुढे ढकलण्याची सवलत आहे, तुमची कंपनी त्यात बसते का ते एचआरला लेखी विचारा. आणखी तीन गोष्टी विचारा: नोकरी सोडल्यावर किती दिवसांत हक्क वापरावा लागतो, याआधी कंपनीनं कर्मचाऱ्यांचे शेअर रोख पैसे देऊन परत घेतले आहेत का, आणि कंपनी विकली गेली तर आधी कुणाचे पैसे फिटतात. उत्तरं गोलमाल आली तर त्या आकड्याची किंमत शून्य धरून पुढचा हिशेब करा. मिळालं तर दिवाळी.

शेअर थेट घेणाऱ्यांसाठी एकच सूचना, पण ती जुनी आणि पक्की आहे. कंपनीनं नावाला नवी शेपटी लावली की सावध व्हा. १९९८-९९ मध्ये अमेरिकेत नावापुढे ‘डॉट कॉम’ लावलेल्या कंपन्यांचा अभ्यास झाला, तेव्हा घोषणेच्या आसपासच्या दहा दिवसांत त्यांचे शेअर सरासरी ७४ टक्के चढले होते, इंटरनेटशी त्यांचा संबंध असो-नसो. आपल्याकडे ‘इन्फोटेक’ आणि ‘सॉफ्टवेअर’ची शेपटी होती. म्हणून आता नियम आहे की नवं नाव ज्या धंद्याकडे बोट दाखवतं, त्यातून गेल्या वर्षीच्या उत्पन्नाचा निदान निम्मा भाग आला पाहिजे. शेपटी सध्या ‘एआय’ची आहे. वार्षिक अहवालात त्या धंद्याचं उत्पन्न वेगळं दाखवलंय का, एवढं पाहायला दहा मिनिटं लागतात. फ्युचर्स-ऑप्शन्सच्या वाटेला तर जाऊच नका. ‘सेबी’नं तीन वर्षांचा हिशेब तपासला तेव्हा शंभरातले ९३ वैयक्तिक व्यवहार करणारे तोट्यात निघाले. त्या सातांत आपणच असू असं वाटणं, हे तेजीचं पहिलं लक्षण.

आता जमीनवाल्यांकडे वळू. ‘मुळशी पॅटर्न’ या सिनेमानं २०१८ साली पडद्यावर दाखवलं ते इथल्या लोकांना नवं नव्हतं. जमीन विकून पैसेवाला झालेल्याला गुंठामंत्री म्हणून हसायला सोपं असतं, पण पिढ्यान्‌पिढ्या भातावर जगलेल्या माणसाच्या खात्यात एका दिवसात मोठी रक्कम आली आणि त्याला कुणी काही सांगितलंच नाही, तर गाडी, ब्रेसलेट आणि बंगला यापलीकडे त्यानं काय करावं? हडपसरच्या मगरपट्ट्यात वेगळं घडलं. सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी ४०० एकरांच्या आसपास जमीन एकत्र केली, सतीश मगर यांच्या पुढाकारानं स्वतःचीच विकास कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात तिचे भागीदार झाले. बांधकाम सुरू झालं ते २००० च्या सुमाराला, म्हणजे इंटरनेटचा फुगा फुटत असताना. ते तगले, कारण जमीन स्वतःचीच होती आणि वाट बघायला वेळ होता. प्रत्येक भावकीत एवढी एकी नसते, हे कबूल. पण सगळी जमीन एका झटक्यात न विकता काही भाग बांधीव जागेच्या किंवा भाड्याच्या रूपात राखणं एका कुटुंबालाही जमतं.

विकायचीच असेल, तर कागदाच्या बाबतीत घाई नको. एजंट म्हणतो, ‘दादा, आज विसार घ्या, पुढच्या महिन्यात रिंग रोडचं काही खरं नाही.’ ज्याला खरंच घ्यायचंय तो आठवडाभर थांबतो. सात-बारावरची सगळी नावं, वारस आणि बहिणींचा हक्क आधी सोडवा. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा वाटा मुलांइतकाच आहे आणि हक्कसोडपत्रावर चहा पिताना सह्या घेण्याचे दिवस संपले. विकसन करारनाम्याबरोबर कुलमुखत्यारपत्र मागितलं, तर पैसे कोणत्या टप्प्याला किती मिळणार हे त्यातच लिहून घ्या आणि पुढच्या तारखेचे चेक म्हणजे पैसे समजू नका. फ्लॅट घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवा, रेरा कायद्यानं नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

कराचा एक गैरसमज मारुंजीत हमखास आढळतो: शेतजमिनीवर कर नसतो. ग्रामपंचायत असली तरी मारुंजी पिंपरी-चिंचवडला खेटून आहे. दहा लाखांहून जास्त वस्तीच्या शहराच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आतली शेतजमीन विकली, तर भांडवली नफ्यावर कर लागतो. ठरावीक मुदतीत दुसरी शेतजमीन घेतली तर सवलत मिळते, सक्तीच्या भूसंपादनाचे नियम वेगळे आहेत. हे सगळं खरेदीखताच्या आधी सीएकडे बसून ठरवायचं, नोटीस आल्यावर नाही.

चेक जमा झाला त्याच दिवशी कराची रक्कम वेगळ्या खात्यात काढा. मग दुसरं काही घेण्याआधी सहा महिने पैसा नुसता पडू द्या. व्याज कमी मिळेल, मिळू द्या. ठेवताना एवढं बघा की बँक ठेवीवरचा विमा एका बँकेत एका माणसाला ५ लाखांपर्यंतच असतो आणि पतसंस्थेला तो नसतोच. पुण्यातल्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना गेला. मोठी ठेव असलेले लोक त्या मधल्या नऊ वर्षांत नुसते हेलपाटे घालत होते. म्हणून रक्कम चार-पाच बँकांत, घरच्यांच्या वेगवेगळ्या नावांवर, आणि मोठा हिस्सा मोठ्या बँकेत ठेवा. कुणाच्या नावावर किती आहे याची चिठ्ठी बायकोकडे आणि मुलीकडेही असू द्या, आणि प्रत्येक ठेवीवर नॉमिनीचं नाव घातलंय की नाही ते पासबुक उघडून स्वतः पाहा.